टोचनचं लायसन

करवंदीच्या घाटात पाण्यानं भरलेला टँकर उडाला आणि त्याच्या पाठीवर बसून बाळकू पिसाळानं आभाळ वल्हवलं, असं कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी चहा मागवतो, मग म्हणतो, "बरं, पुढं?" विश्वास ठेवत नाही, पण उठूनही जात नाही. त्याचं काही चुकत नाही. टँकर उडणं ही त्यातली सोपी गोष्ट आहे. त्यामागं विज्ञान आहे, ते समजावून सांगता येतं. न पटणारी गोष्ट निराळीच आहे. त्या दिवशी कौसाक्का आपल्या नवऱ्याशी बोलली.

कौसल्या आणि बाळकू पिसाळ हे जोडपं घाटात टोचनचा धंदा करायचं. चढावर एखादा ट्रक धाप लागून बसला, की ड्रायव्हर यांना फोन करणार. हे येणार, साखळी लावणार आणि ते धूड ओढून माथ्यावर नेऊन सोडणार. त्यांची क्रेन जुनी, डिझेलवरची, पिवळा रंग उन्हानं पार विटलेला. तिचं नाव बयो. बाळकू स्टिअरिंगवर बसायचा. कौसाक्का खाली उतरून आकडा अडकवायची आणि अडकलेल्या गाडीच्या पत्र्यावर तळहातानं थाप द्यायची. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे चला. बाळकू खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ऐकायचा आणि गिअर टाकायचा. तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, आणि त्या थापांवर अख्ख्या घाटाचा भरवसा होता.

मग एकदा मोठ्या वळणावर एका नवरदेवाची सजवलेली गाडी बंद पडली. वऱ्हाड रस्त्याच्या कडेला उभं, बँडवाले सावलीत बसलेले. कौसाक्कानं आकडा लावला, तो नीट बसला नाही, म्हणून थांबायची एक थाप दिली. बाळकूनं गाडी हाणली. आकडा निसटला आणि झेंडूच्या माळांसकट ती गाडी मागं घरंगळत गटारात जाऊन पडली.

"तूच दोन मारल्यास!" बाळकू ओरडला.

"मी एकच मारली."

"ह्या कानांनी दोन ऐकल्या मी. खोटं कशाला बोलतीस?"

सगळ्या वऱ्हाडासमोर, नवरीसमोर, बँडवाल्यांसमोर त्यानं तिला खोटी म्हटलं. कौसाक्का काही बोलली नाही. तेव्हा बोलली नाही, घरी गेल्यावर बोलली नाही, आणि मग बोललीच नाही. बाळकूही हट्टाचा. ती बोलेपर्यंत मी कशाला बोलू, म्हणून तोही गप्प.

संसार मात्र बिनबोभाट चालला, कारण मधे बयो होती. अंगणात उभ्या असलेल्या क्रेनकडे तोंड करून कौसाक्का म्हणायची, "बयो, भाकरी वाढलीय म्हणावं." आतून उत्तर यायचं, "बयो, कालवणात मीठ घालायचं राहिलंय म्हणावं." त्यांची लेक ललिता लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हासुद्धा दोघं रडले ते बयोच्या एकेका चाकाला टेकून. कामावर थापा चालू राहिल्या, फक्त मोठ्या वळणावर नाही. तिथं कौसाक्का थाप देत नसे. लाल फडकं हलवायची. ती जागाच तिच्यासाठी नासली होती.

आता विज्ञानाकडे येऊ.

जगातल्या प्रत्येक वस्तूच्या अंगात एक हट्ट असतो. उभी असेल तर तिला हलायचं नसतं, आणि एकदा चालायला लागली की थांबायचं नसतं. या हट्टाला शाळेत जडत्व म्हणतात. वस्तू जितकी भरीव, तितका हट्ट मोठा. आणि गंमत अशी, की पृथ्वीही तिला तितक्याच जोरानं आपल्याकडे ओढते. वसुधा टिळेकर नावाच्या एका बाईंना प्रयोगशाळेत असं आढळलं, की अतिथंड केलेल्या धातूच्या नळीत वीज एका विशिष्ट तालावर उलटसुलट खेळवली, तर त्या नळीला जखडलेल्या वस्तूचा हट्ट विरघळायला लागतो. वस्तू तीच राहते. लोखंड लोखंडच, पाणी पाणीच. पण ढकललं तर ती पिसासारखी सरकते, आणि जडत्वाच्या मापात तिचं वजनही उतरतं. वीज बंद केली की हट्ट परत, वजन परत.

इथपर्यंत शास्त्रज्ञांना अंदाज होता. पुढचं त्यांना टांगलेल्या एका कपाटानं शिकवलं. ते कपाट हळूच वर गेलं आणि छताला जाऊन चिकटलं. कारण हवेलाही वजन असतं. ट्रक जेवढी जागा अडवतो तेवढ्या जागेतली हवा तोलली तर पोतंभर भरते. ट्रकचं वजन त्याच्याही खाली नेलं, की मग तो ट्रक राहत नाही, फुगा होतो.

टोचनवाल्यांनी या यंत्राला फुंकणी म्हणायला सुरुवात केली, कारण ते चुलीजवळच्या फुंकणीसारखं लांब नळकांडं होतं, आणि ते बांधलेली गाडी फुंकरीनंही सरकायची. घाटाच्या पायथ्याशी कंपनीनं प्रात्यक्षिक ठेवलं, तेव्हा कौसाक्का गेली होती. लोखंडी सळयांनी भरलेला ट्रेलर उभा होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "कुणीही या, एका बोटानं ढकला." पैलवान पुढं झाले नाहीत, लाजले. कौसाक्का पुढं झाली. तिनं करंगळी लावली.

ट्रेलर चालायला लागला.

उभ्या आयुष्यात तिनं असली धुडं साखळदंडांनी, शिव्यांनी, घामानं ओढली होती. एकेका ट्रकनं तिच्या खांद्याचा सांधा ढिला केला होता. आणि आता ते धूड झोपेतल्या लेकरासारखं तिच्या करंगळीमागं निघालं. ती रडली नाही, हसलीही नाही. तिनं हळूच हात जोडले, कुणाला ते तिचं तिलाही कळलं नाही. घरी आल्यावर ती कितीतरी वेळ अंगणात उभी होती. शेवटी म्हणाली, "बयो, आज मी डोंगर हलवला म्हणावं."

आतून उत्तर आलं, "बयो, मी गर्दीत मागं उभा होतो म्हणावं. पाहिलं."

पण चमत्कार स्वस्तात घरी येत नाही. एका टोचनवाल्यानं फुंकणीचा काटा जास्त फिरवला आणि एक रिकामी बस तीन शेतं ओलांडून उसात उतरली, तेव्हा सरकार जागं झालं. घाटातल्या डिझेलच्या क्रेन बंद व्हायच्या ठरल्या. पुढं टोचन करायचं तर फुंकणीवरच, आणि फुंकणीला हात लावायचा तर नवं लायसन हवं. ते मिळालं नाही तर पिसाळांनी काय करायचं, हे ललितानं ठरवून टाकलं होतं: पुण्याला यायचं, तिच्या फ्लॅटमधल्या पाठीमागच्या खोलीत राहायचं. ती मायेनंच म्हणाली. पण दोघांनाही ते नको होतं. त्या खोलीत घाट नव्हता, टोचन नव्हतं, आणि मुख्य म्हणजे बयो नव्हती. चार भिंतींत, समोरासमोर, मधे कुणी नाही.

लायसनच्या परीक्षेत काय काय होतं, ते ऐकून जुने टोचनवाले तंबाखू थुंकायचे. काठोकाठ भरलेली घागर घेऊन उतार उतरायचा. गाडी बघून ती किती हवा अडवते ते सांगायचं. फुंकणी लावलेल्या गाडीला हाताचा धक्का, थाप, टेका, काही लावायचं नाही, कारण तिला थाप म्हणजे लाथ. आणि एक कलम असं: टोचन दोघांच्या जोडीनं करायचं, आणि प्रत्येक पायरी दोघांनी एकमेकांना स्पष्ट शब्दांत, मोठ्यानं सांगायची. खुणा चालणार नाहीत. इशारे चालणार नाहीत. बोलायचं.

बाकी सगळं पिसाळांना येत होतं. कौसाक्काच्या घागरीतला थेंब सांडत नसे. या एका कलमापाशी दोघं अडकले.

"बयो," बाळकू अंगणात म्हणाला, "दुसरा जोडीदार बघायचा का म्हणावं."

"बयो, बघावा म्हणावं. सापडला तर."

दुसरे दिवशी दोघंही गपचूप जोडीदार शोधून आले आणि दोघांनाही कुणी पसंत पडलं नाही. शेवटी ललितानंच तोड काढली. तिनं आईकडून आणि वडिलांकडून वेगवेगळ्या खोलीत सगळी वाक्यं म्हणवून घेतली आणि दोघांच्या फोनमध्ये भरली. गळ्यात फोन अडकवायचा, त्याचं बटण खिशात; एकदा दाबलं की पुढचं एक वाक्य, जोडीदाराच्या हेडफोनमध्ये आवाज जाणार, परीक्षकालाही ऐकू जाणार. "पट्टा लावला." "दगड काढले." "मी उतरलो." "हलकं करते." दोघं बोलल्यासारखंही होईल आणि कुणी हरल्यासारखंही होणार नाही. दोघांनाही ही युक्ती फार आवडली. आवडल्याचं दोघांनी बयोला सांगितलं.

परीक्षा मोठ्या वळणावरच निघाली. तिथं कठडा ठेंगणा, खाली कोकणाची दरी, आणि रस्ता रुंद करताना सुरुंग लावून कापलेला काळा कडा पाठीशी उभा. परीक्षक होत्या रेहाना काझी, तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलायला मोकळ्या पण कलमाला पक्क्या.

"काका, मावशी, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "मला फक्त दोन गोष्टी बघायच्या. हात थंड आहे का, आणि तोंड उघडं आहे का. तोंड उघडं नसलं की माणसं मरतात. ती बस तर नशिबानं रिकामी होती. माहीत आहे ना?"

"उसातली बस ना? व्हय, माहीत हाय," बाळकू म्हणाला. कौसाक्कानं नुसती मान हलवली.

पाण्यानं भरलेला टँकर दरीकडं शेपूट करून उभा होता. दोन्ही बाजूंना फुंकण्या बांधलेल्या. पुढं नवीन टोचनगाडी, बॅटरीवरची, इतकी शांत की चालू आहे का बंद ते तिच्या दिव्यावरून ओळखायचं. काम साधं होतं. कौसाक्कानं टँकरच्या तोंडाला पट्टा लावायचा. बाळकूनं मागं 'सावकाश' लिहिलेला पत्र्याचा मोठा फलक अडकवायचा, चाकांखालचे दगड काढायचे आणि बाजूला व्हायचं. मग कौसाक्कानं हातातल्या बिनतारी डबीवरचा काटा फिरवून टँकर हलका करायचा, हवेपेक्षा वजन इतकंच जास्त, की चाकं रस्त्याला टेकलेली नुसती वाटावीत.

रेकॉर्डिंग चालू व्हायला किंचित वेळ लागतो, हे कौसाक्कानं हेरलं होतं. म्हणून तिनं पट्ट्याची कडी बसवण्याआधीच खिशातलं बटण दाबलं. "पट्टा लावला," हेडफोनमधली कौसाक्का म्हणाली. खरी कौसाक्का अजून कडीशी झटत होती. मागं बाळकूनं दगड काढले होते आणि तो फलक अडकवायला टँकरच्या शिडीवर चढला होता. त्याचा अंगठा जाड. "दगड काढले," हेडफोनमधला बाळकू म्हणाला, आणि त्याच दाबात पुढं, "मी उतरलो."

तो उतरला नव्हता. कौसाक्काला पुढून दिसत नव्हतं. कडी खट् वाजली, तिला वाटलं बसली. "हलकं करते," हेडफोन म्हणाला, आणि तिनं काटा फिरवला, अगदी बेताबेतानं, कसलेल्या हातानं. टँकरची चाकं फुगली, सांधे कुरकुरले, आणि ते धूड निःश्वास सोडावा तसं रस्त्यावर तरंगू लागलं. इतकं सुरेख जमलं, की पुढं जे झालं ते तिनं केलंच नाही. तिच्या हातानं केलं.

काम नीट झालं की तिचा हात दोन थापा देत असे. त्यानं दिल्या, वळण कुठलं ते विसरून.

टँकर मागं निघाला. कडी निसटली, पट्टा रस्त्यावर पडला. घाई नाही, आवाज नाही. एखादी म्हैस पाणवठ्यावरून माघारी वळावी तसा तो सरकला, ठेंगण्या कठड्यापाशी आला, तेवढ्यात दरीतून वर चढणारा खारा वारा त्याच्या पोटाखाली शिरला, आणि पाण्यानं भरलेला तो टँकर, शिडीला लटकलेल्या बाळकूसकट, कठड्यावरून दरीत गेला. खाली नाही. समोर. हवेत.

"काटा हलवू नका!" काझीबाई ओरडल्या. "मावशी, हात तसाच ठेवा. वजन वाढलं तर ते खाली जातील."

कौसाक्काचा हात दगड झाला होता. घाटातली वाहनं थांबली. माणसं उतरली आणि कुणी ब्र काढेना. समोर आभाळात टँकर हळूहळू फिरत होता, त्याची सावली खाली दरीतल्या झाडांच्या शेंड्यांवरून गलबतासारखी चालली होती, आणि दोन घारी त्याच्याखालून गोल फिरत वर बघत होत्या. घारींना आजवर वर बघायची कधी गरज पडली नसावी.

"बॅटरी किती वेळ टिकंल?" कौसाक्कानं विचारलं.

"फुंकणीवरचा दिवा हिरवा आहे तोवर ठीक. पिवळा झाला की थोडा वेळ. मग..." काझीबाईंनी वाक्य पुरं केलं नाही. "बचावपथकाला बोलावलंय, पण ते खालून येणार. मावशी, तुम्ही बोला त्यांच्याशी. त्यांचं तोंड पत्र्याकडं आहे, रस्ता कुठं आहे तेही त्यांना दिसत नाही. हेडफोनवर सांगा."

कौसाक्कानं सवयीनं खिशातलं बटण दाबलं. "पट्टा लावला," फोन म्हणाला.

काझीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या सगळं लक्षात आलं. ओरडायला हवं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मावशी. ते काढा."

कौसाक्कानं हेडफोन उपटला, फोन उपटला, दोन्ही रस्त्यावर टाकले. कठड्यापाशी गेली. काटा छातीशी धरलेला. इतकी वर्षं तिच्या तोंडून नवऱ्यासाठी एक शब्द निघाला नव्हता. तिनं पोटातून हाक मारली.

"अहो!"

शिडीवर बाळकू दचकला. "ऐकतोय! दोन-दोनदा कशाला वरडतीस?"

"म्या एकदाच हाक मारली!"

"दोनदा मारलीस! 'अहो' आलं, मग परत 'अहो' आलं!"

"एकदाच!" कौसाक्का ओरडली, आणि तिच्या पाठीमागून, काळ्या कापलेल्या कड्यातून, तिचाच शब्द तिच्यापाशी परत आला: "...एकदाच!" आकड्यापाशी, बयोच्या इंजिनाच्या घरघरीत, तिला हे कधी ऐकूच आलं नव्हतं; बाळकूचं मुंडकं मात्र कायम कड्याकडच्या खिडकीबाहेर असायचं. आज गाड्या मुक्या होत्या, माणसं मुकी होती, फक्त कडा बोलत होता.

टँकर फिरत होता. वरून बाळकूचा आवाज आला, पार वेगळा.

"कौसे... नवरदेवाची गाडी हितंच होती न्हवं?"

"व्हय."

"मग तू एकच मारलीस."

"एकच." तिचा आवाज कड्यावरून फिरून आला आणि तिला स्वतःचाच आवाज सोसेना. "पर तुमास्नी दोनच आल्या असतील."

"दोन आल्या गं. आईशप्पत दोन आल्या."

"आता कळलं न्हवं. उतरा मग खाली."

"कसा?"

हा प्रश्न बिनतोड होता. काझीबाई काठाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या भराभर म्हणाल्या, "मावशी, टँकरसोबत काकांचंही जडत्व गेलंय. त्यांचं वजन आता पेरूएवढं आहे. पण अंगातलं बळ होतं तेवढंच आहे. आणि त्या टँकरला ढकलायला फार काही लागत नाही. काहीतरी हवेत मारता आलं तर..."

कौसाक्कानं बघितलं. बाळकूच्या काखेत तो पत्र्याचा फलक अजून तसाच होता. भला माणूस, आभाळात लटकतानाही सरकारी फलक सोडला नव्हता.

"अहो! शिडीनं वर जावा! टँकरच्या पाठीवर!"

"पडंन मी!"

"पेरूएवढं वजन हाय तुमचं! जरा दमानं, उडी मारू नगा, न्हाईतर तुमीच उडाल! म्हशीवर बसल्यासारखं बसा!"

बाळकू चढला, पालीसारखा, पत्र्याला पोट लावून. वर पाय फाकून बसला. फलक हातात धरला. 'सावकाश' उलटा होता.

"आता वल्हवा!"

"काय वल्हवू?"

"हवा! काय म्हंजे? दुसरं काय हाय तिथं?"

रस्त्यावरचे लोक हसले, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोही आहोत. बाळकूनं फलक हवेत घातला आणि मागं ओढला. पत्रा उन्हात चमकला. टँकरनं मान हलवली. तो दुसऱ्या बाजूनं मारू लागला, आणि पाण्यानं भरलेला तो टँकर, ज्याला जमिनीवर हलवायला बयोला सगळा जोर लावावा लागला असता, एका म्हाताऱ्या माणसाच्या पत्र्याच्या वल्ह्यानं आभाळातून चालू लागला.

"उजवं मारा! आणिक एक! आता डावं! थांबा, वारा हाय, थांबा!"

तिचा प्रत्येक शब्द कडा परत देत होता, त्यामुळं बाळकूला दोनदा ऐकू येत होतं. आता त्याची त्याला तक्रार नव्हती.

वाऱ्यानं एक उसळी घेतली आणि टँकर आणखी वर गेला, कड्याच्या माथ्यापेक्षाही वर. बाळकूनं वल्हवायचं थांबवलं. फलक मांडीवर ठेवून तो बसून राहिला.

"अहो! का थांबला? दिवा बघा, पिवळा झाला!"

"कौसे," तो म्हणाला, इतक्या हळू की दरी शांत नसती तर पोचलं नसतं, "समुद्र दिसतोय गं."

दोघांचं सारं आयुष्य या घाटात गेलं, आणि समोरच्या डोंगरानं समुद्र कायम झाकलेला होता. खारा वारा यायचा, पण तो कुठून येतो ते कधी दिसलं नव्हतं. आता डोंगरांच्या रांगांपलीकडं, खाडीच्या चांदीच्या वाकणापलीकडं, एक निळी रेघ होती, आणि तिचं दुसरं टोक कुठं नव्हतंच. त्या रेघेसमोर पेरूएवढं वजन असलेला बाळकू पिसाळ बसला होता. पुढं लोकांनी त्याला खूपदा विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणायचा, त्या वेळेला मी इतका हलका होतो की भीतीला बसायला जागाच नव्हती.

"कसा हाय?" कौसाक्कानं विचारलं. दिवा पिवळा, हात काट्यावर, आणि तरी तिनं विचारलं.

"लई मोठा हाय."

"बघितला न्हवं? मग आता मारा. मला सांगायला खाली या."

मग बाळकूनं जे वल्हवलं, तसं कोकणातल्या कुठल्याही खलाशानं वल्हवलं नसेल. टँकर कठड्यावरून आत आला, रस्त्याच्या वर आला. लोक मागं सरले. आता सगळं कौसाक्काच्या बोटांत होतं. काटा जरा जास्त फिरला तर टँकर आदळणार, कमी फिरला तर परत दरीत जाणार. ती काटा बघतच नव्हती. टँकरच्या पोटाकडं बघत होती आणि प्रत्येक बारीक हालचाल मोठ्यानं सांगत होती, कलमात लिहिलं होतं तशी.

"किंचित जड करते... आणिक... धरून बसा... टेकतोय... टेकला. दगड लावा कुणीतरी. लावले? आता पुरं वजन देते."

टँकरच्या टायरांनी एकदम दम सोडला. आतलं पाणी गडगडलं. आणि बाळकू पिसाळाचं सगळं वजन, म्हातारपणासकट, गुडघेदुखीसकट, त्याच्याकडं परत आलं. शिडीवरून उतरताना तो कण्हला, आणि ते कण्हणं ऐकून कौसाक्काला कधी नव्हे तेवढं बरं वाटलं.

दोघं समोरासमोर उभी राहिली. लोकांना वाटलं, मिठी वगैरे मारतील. कौसाक्का म्हणाली, "फलक उलटा धरला होता तुमी."

"वर कोण वाचणार होतं?"

काझीबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. "नापास," त्या म्हणाल्या. "पट्टा न बसवता सांगितला, माणूस न उतरता सांगितला, थाप मारली, आणि रेकॉर्डिंग! रेकॉर्डिंगवर तर मी अख्खा वेगळा शेरा लिहिणार आहे. थोड्या दिवसांनी परत या."

"आणि बोलण्याचं?" बाळकूनं विचारलं.

"बोलण्याचे मार्क पूर्ण. पण पुढच्या वेळी जरा कमी बोललात तरी चालेल."

पुढच्या वेळी ते पास झाले, लायसन आलं. त्या जोडीनं पुढं काय काय उतरवलं, घाटात झोपलेले कंटेनर, नाल्यात शिरलेली मळणीयंत्रं, पुरात अडकलेलं एक अख्खं कौलारू घर, ते सगळं खरं आहे आणि परत कधी चहा असला तर सांगता येईल. पण त्या दुपारचं एवढंच राहिलं.

नापास होऊन दोघं घरी निघाले, ते बयोतून. ही तिच्या शेवटच्या काही फेऱ्यांपैकी एक. त्याच मोठ्या वळणाच्या कडेला एक जीप बंद पडून आशाळभूतपणे त्यांच्याकडं बघत होती, म्हणून कौसाक्का उतरली, साखळी लावली. बाळकूनं बयोचं इंजिन बंद केलं, मुंडकं खिडकीतून बाहेर काढलं आणि वाट बघितली. लाल फडकं तिच्या खांद्यावरच होतं. तिनं ते काढलं नाही.

तिनं जीपच्या पत्र्यावर एकच थाप दिली.

कड्यानं दुसरी दिली.

"चल म्हणतीय का?" बाळकूनं ओरडून विचारलं.

"आता काय कड्याला विचारता? चला!"